पांढरी व्हॅन मीच पाहिली होती

खांडेपारी
सोमवार, रात्री १०:४०

दोन वर्षं हे कुणापाशी नीट बोललो नाही. आज एका मित्राच्या कोर्टाच्या तारखेबद्दल ऐकलं आणि परत डोक्यात सुरू झालं, म्हणून लिहितोय. लांबण लागेल, आधीच सांगतो.

चवथीच्या आधीचा आठवडा. फोंडा तालुक्यातला एक तिठा, नाव देत नाही. संध्याकाळी सव्वासातचा सुमार, पाऊस नुकता थांबलेला, रस्ता ओला. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीचं सामान घेऊन बसची वाट बघत होतो, एका हातात सुपारीचा घड, दुसऱ्यात आंबाड्यांची पिशवी. मागून पांढरी व्हॅन आली, स्कूटरवाल्याला उडवलं आणि तीसेक मीटर पुढे जाऊन थांबली. स्कूटरवाला वाचला, पाय मात्र दोन ठिकाणी मोडला.

पोलीस आले तेव्हा सगळ्यात आधी मीच पुढे झालो. पांढरी व्हॅन, बाजूला शीतपेयाची जाहिरात, वेग भरपूर. शेजारी उभा फुलवाला आणि कॉलेजातला एक मुलगा, दोघांनीही तेच सांगितलं. व्हॅनचा चालक सारखा म्हणत होता, मी नाही, मी नाही. लोकांनी त्याच्या गाडीची चावी काढून घेतली होती. एकाने कानाखालीही दिली. रात्रभर त्याला ठाण्यावर बसवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाचं फुटेज मिळालं. धडक दिली होती एका फिकट निळ्या पिकअपने, आणि ती थांबलीच नव्हती. व्हॅन नऊ सेकंदांनी मागाहून आली. रस्त्यात पडलेला माणूस बघून चालकाने गाडी बाजूला घेतली आणि धावत मागे आला. जखमीला पहिला हात लावणारा तोच.

मी खोटं बोललो नव्हतो हो. त्या माणसाशी माझं ना देणं ना घेणं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे फुटेज चार वेळा बघूनसुद्धा आज डोळे मिटले की मला पांढरी व्हॅनच स्कूटरला धडकताना दिसते. अगदी आवाजासकट.

त्या चालकाला भेटायला गेलो, माफी मागितली. त्याने चहा दिला आणि एवढंच विचारलं, "तुमी खंय उबे आशिल्ले?" मी सांगितलं, बसथांब्यावर. त्याने मान हलवली आणि दुसरं काहीतरी बोलायला लागला.

कॅमेरा नसता तर? कोलवाळच्या तुरुंगात माझ्यासारख्यांच्या डोळ्यांवर विसंबून किती जण बसले असतील? इथे वकील आहेत, प्राध्यापक आहेत, सांगा काहीतरी.


डिचोलीकर
सोमवार, रात्री १०:५८

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. धागा बंद करूया :)

चेष्टा सोड. खरं सांग, त्या संध्याकाळी काय घेतलं होतंस?


खांडेपारी
सोमवार, रात्री ११:०२

आंबाडे. वर लिहिलंय.


मनोमय
सोमवार, रात्री ११:३५

खांडेपारीबाब, मी मानसशास्त्र शिकवते. हा विषय दर वर्षी वर्गात येतो आणि दर वर्षी पोरं म्हणतात, "मॅडम, आमचं असं होणार नाही." तुमचं जे झालं त्यात नवल काहीच नाही.

आठवण हे फुटेज नव्हे. आपण प्रसंग साठवून ठेवून नंतर लावत नाही, तर प्रत्येक वेळी तुकडे जुळवून तो नव्याने मांडतो. मधली भोकं बुजवायला जे हाताशी असेल ते वापरतो. तुमच्या हाताशी एक पांढरी व्हॅन होती, पुढे थांबलेली, दिव्यात चमकणारी, भोवती गर्दी जमलेली. पिकअप तर निघून गेली होती. मेंदूने त्या जागी व्हॅन बसवली.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग ऐकला असेल. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची छोटी फिल्म दाखवली आणि विचारलं, गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना 'आदळल्या'च्या जागी नुसतं 'टेकल्या' अशा अर्थाचं क्रियापद घातलं. फिल्म सगळ्यांना तीच. 'आदळल्या' ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी चाळीस मैलांहून जास्त वेग सांगितला, 'टेकल्या' ऐकणाऱ्यांनी बत्तीसच्या आत. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'आदळल्या' गटातल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, साधं 'धडकल्या' ऐकलेल्यांपैकी ७ जणांनी, आणि वेगाबद्दल काहीच न विचारलेल्या ५० जणांतल्या ६ जणांनी. एका क्रियापदाने काच फोडली.

आणि तुम्ही तिघांनी एकच सांगितलं, याला पोलीस 'पुष्टी' म्हणतात. पण पोलीस येईपर्यंत तुम्ही तिघं काय करत होता? बोलत होता. गॅबर्ट, मेमन आणि अॅलन यांनी २००३ मध्ये जोड्यांना एकाच घटनेच्या वेगवेगळ्या कोनांतल्या फिल्म दाखवल्या. प्रत्येकाला असं काहीतरी दिसत होतं जे दुसऱ्याला दिसूच शकत नव्हतं. मग आपसात बोलायला दिलं. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी नंतर, स्वतः न पाहिलेली किमान एक गोष्ट आपण पाहिली म्हणून सांगितली.

म्हणजे तिघांची साक्ष ही तीन साक्षी नव्हत्या. एकच होती, तिघांत वाटलेली.


पुणेरी_पाहुणा
मंगळवार, सकाळी ७:१०

उत्तम माहिती. पण यात नवीन ते काय? साक्षीदार फिरतात हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. दिल्लीचं जेसिका लाल प्रकरण आठवा, भर पार्टीत खून आणि बघणारे एकामागून एक फितूर.


काळा_कोट
मंगळवार, सकाळी ९:२५

पाहुणे, ते वेगळं आणि हे वेगळं. पहिल्यांदा हीच गल्लत सोडवू या.

मी पंधरा वर्षं फौजदारी बाजूला वकिली करते, बहुतेक मडगावात. फितूर साक्षीदाराला खरं माहीत असतं, तो ते सांगत नाही. त्याच्यावर दबाव असतो, पैसा असतो, भीती असते. त्यासाठी साक्षीदार संरक्षण योजना आहे, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये महेंद्र चावला प्रकरणात तिला मान्यता दिली. खोटा साक्षीदारही मला चालतो, कारण उलटतपासणी त्याच्यासाठीच असते. खोटं बोलणाऱ्याला आपली गोष्ट सांभाळावी लागते, चार बाजूंनी प्रश्न आले की कुठेतरी शिवण उसवते.

खांडेपारीबाबांसारखा माणूस पिंजऱ्यात आला की मात्र माझे हात बांधले जातात. प्रामाणिक आहे, वैर नाही, डोळ्यात डोळे घालून बोलतो. त्याला मी काय विचारू? "तुम्ही खोटं बोलताय," असं सुचवलं तर तो दुखावतो, आणि न्यायाधीशांना तो दुखावलेला चेहरा खरा दिसतो. तो खराच असतो! चूक आहे, पण खोटी नाही. आमच्याकडचं सगळं हत्यार खोट्यासाठी घडवलंय, चुकीसाठी नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. पुराव्याला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १३४, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३९. वडिवेलू थेवर (१९५७) मध्ये सुप्रीम कोर्टाने साक्षीदारांचे तीन प्रकार केले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह, आणि मधले. मधल्यांना दुसऱ्या पुराव्याचा आधार हवा. म्हणजे एकटा साक्षीदारही कुणाला जन्मठेपेला पाठवू शकतो, न्यायाधीशांना तो पहिल्या प्रकारातला वाटला तर. आता सांगा, खांडेपारीबाब कुठल्या प्रकारातले वाटले असते?

आणखी एक टोचणी. आठवण कच्ची असते हे आपल्या कोर्टांना माहीत नाही असं मुळीच नाही. भरवाडा भोगिनभाई (१९८३) मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वच्छ म्हटलंय की साक्षीदाराच्या मनाच्या पडद्यावर काही व्हिडिओ टेप पुन्हा चालत नसते, त्याच्याकडून फोटोसारख्या स्मृतीची अपेक्षा नको. सुंदर वाक्य आहे, मी स्वतः वापरते. पण ते कशासाठी वापरलं गेलं? किरकोळ विसंगतींवरून साक्ष फेकून देऊ नका, हे सांगायला. त्या प्रकरणात ते बरोबरच होतं, लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मुलींना तपशिलांवरून कसं छळतात ते मी पाहिलंय. तरी बघा, "आठवण चुकते" हे तत्त्व बहुतेक वेळा साक्ष वाचवायला येतं. मूळ ओळखच चुकली असेल का, हे विचारायला क्वचित.

तारीख आहे, दुपारी परत येते. ओळख परेडवर लिहायचं राहिलंय.


वीजतंत्री
मंगळवार, सकाळी ११:०५

खांडेपारी, त्या तिठ्यावर दिवे कसले होते? जुने पिवळे सोडियम असतील तर पांढरा, फिकट निळा, चंदेरी सगळं एकच. त्या उजेडात रंग कळतच नाहीत. आणि सव्वासात म्हणजे सप्टेंबरात अंधारच. अंधुक उजेडात लाल रंगही आधी काळा पडतो. रंगाबद्दल छातीठोक बोलणाऱ्याला आधी दिवा विचारावा.


खांडेपारी
मंगळवार, सकाळी ११:२०

पिवळेच होते. आता बदललेत.


खाकी_निवृत्त
मंगळवार, दुपारी १:४०

वाचतोय सकाळपासून. सगळं शेवटी पोलिसांवर येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच बोलतो.

साक्षीदार वेगळे करा, बोलू देऊ नका. पुस्तकात छान आहे. पावसात, तिठ्यावर, शंभर माणसं, एक माणूस रक्तात, १०८ यायची आहे, आणि तुमच्याकडे दोन शिपाई. त्यातला एक वाहतूक सोडवतो, दुसरा लोकांनी ड्रायव्हरला आणखी मारू नये म्हणून मध्ये उभा. मी कुणाला कुठे वेगळं करू? झाडाखाली?

कॅमेरे म्हणाल तर निम्मे दुकानदाराच्या गल्ल्यावर रोखलेले. उरलेल्यांचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं, आपण जाईपर्यंत गेलेलं असतं.

आणि प्रत्येक साक्षीदार चुकीचा असतो असं नाही. एका हिट अँड रनमध्ये बारा वर्षांचा पोर होता. गाडीचा नंबर? "नाही बघितला." रंग? "काळा काय निळा, नक्की नाही." पण म्हणाला, मागचा डावा दिवा पेटत नव्हता आणि नंबरप्लेटच्या वर लिंबू-मिरची बांधलेली. आम्ही त्याच रात्री गाडी पकडली. "नक्की नाही" म्हणणारा साक्षीदार मला सगळ्यात आवडायचा. वरिष्ठांना आवडत नसे, ती गोष्ट वेगळी.


मनोमय
मंगळवार, दुपारी २:१५

हवालदारसाहेब, तुमच्या बाजूनेही पुरावा आहे. यूल आणि कटशॉल यांनी कॅनडात खऱ्या गोळीबाराच्या १३ साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी गाठून विचारलं (अभ्यास १९८६ चा). त्यांचे तपशील बरेच अचूक निघाले, दिशाभूल करणारे प्रश्न टाकूनही ते फारसे बधले नाहीत. प्रयोगशाळेतली फिल्म आणि डोळ्यासमोरचं रक्त यांत फरक असतोच.

आणि विक्स्टेड व वेल्स यांनी २०१७ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं की पहिल्याच वेळी, नीट पद्धतीने घेतलेल्या ओळखीत साक्षीदार किती खात्रीने बोलतो याला खरंच अर्थ असतो. घात होतो तो नंतरच्या खात्रीने. वेल्स आणि ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये दाखवलं की चुकीची ओळख पटवलेल्याला नुसतं "छान, बरोबर ओळखलंत" म्हटलं की तो केवळ जास्त खात्रीने बोलू लागत नाही, तर आपण सुरुवातीपासूनच खात्रीने बोललो होतो असंही सांगतो. त्याला चेहरा अधिक स्पष्ट दिसला होता असं वाटायला लागतं. एका "छान"मुळे.

तुमचा लिंबू-मिरचीवाला पोर अजून कुणाच्या "छान"च्या तावडीत सापडला नव्हता.


अबोली
मंगळवार, दुपारी ३:३०

मनोमयताई, अमेरिकेतल्या त्या बाईची गोष्ट सांगाल का? एकदा व्याख्यानात ऐकली होती, अर्धवट आठवते. (या धाग्यावर अर्धवट आठवणीवर काही लिहायला भीतीच वाटते!)


मनोमय
मंगळवार, दुपारी ४:२०

जेनिफर थॉम्प्सन. तिने स्वतः जगासमोर येऊन ती सांगितलीय, म्हणून नावाने लिहिते.

१९८४, नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं बर्लिंग्टन. ती बावीस वर्षांची विद्यार्थिनी. रात्री घरात शिरलेल्या माणसाने बलात्कार केला. तेवढ्यातही तिने ठरवून त्याचा चेहरा न्याहाळला, जगले तर याला तुरुंगात टाकणार म्हणून. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठून आणणार? पोलिसांनी फोटो दाखवले, तिने रोनाल्ड कॉटनचा उचलला. मग प्रत्यक्ष रांगेत उभे केले, तिथेही कॉटनच. आणि तिला सांगण्यात आलं की फोटोतलाही हाच होता. मघाचं "छान" आठवा.

फोटोत निवडलेला चेहरा पुढे रांगेत ओळखीचा वाटणारच. पण ती ओळख गुन्ह्याच्या रात्रीची की फोटोच्या टेबलावरची, हे मन सांगत नाही. शिक्षा झाली. तुरुंगात कॉटनला बॉबी पूल नावाचा कैदी भेटला, त्याच्यासारखाच दिसणारा. १९८७ मध्ये खटला पुन्हा चालला तेव्हा पूलला जेनिफरसमोर कोर्टात आणलं. तिने त्याला ओळखलं नाही. उलट, तुम्ही माझ्यावर शंका घेताच कशी म्हणून तिला राग आला. कॉटनला परत शिक्षा.

१९९५ मध्ये डीएनए तपासला. गुन्हेगार पूल होता. कॉटन साडेदहा वर्षं आत होता.

मला यात थरकाप कशाचा होतो सांगू? खरा माणूस काही फुटांवर बसलेला आणि तिच्या आठवणीत त्याच्यासाठी जागाच उरली नव्हती. कॉटनचा चेहरा तिथे बसलेला. खांडेपारीबाब फुटेज बघूनही पांढरी व्हॅनच बघतात ना, तसंच.

नंतर जेनिफर आणि कॉटन मित्र झाले, दोघं मिळून या विषयावर बोलत फिरतात. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीची चुकीची ओळख होती, असा तिथल्या इनोसन्स प्रोजेक्ट या संस्थेचा हिशेब आहे.


भटजीमास्तर
मंगळवार, सायं. ५:५०

संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून धाग्यात थोडं पाणी घालतो, गोड मानून घ्या.

आपण "प्रत्यक्षाला प्रमाण कशाला" म्हणून हात झटकतो. पण न्यायसूत्रांत गौतमांनी प्रत्यक्षाची व्याख्या करताना केवढ्या अटी घातल्यात बघा: इन्द्रियार्थसन्निकर्षोत्पन्नं ज्ञानम् अव्यपदेश्यम् अव्यभिचारि व्यवसायात्मकं प्रत्यक्षम्. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येऊन झालेलं ज्ञान, एवढ्यावर थांबले नाहीत. ते अव्यभिचारी हवं, म्हणजे मृगजळाला पाणी म्हणणारं नको. व्यवसायात्मक हवं, म्हणजे दूरच्या आकृतीकडे बघून "खांब की माणूस, धूळ की धूर" असं लटकलेलं नको.

आणि मनोमयबाईंचा क्रियापदाचा प्रयोग वाचून 'अव्यपदेश्य' डोळ्यांपुढे आलं. भाष्यकार, टीकाकार यावर पुष्कळ भांडलेत, पण एक सरळ अर्थ असा की जे शब्दाने घडलेलं नाही ते. डोळ्याने पाहिलेलं एक, त्याला कुणी नाव दिल्यावर झालेलं दुसरं. तुम्ही पाहिलं काहीतरी जोराने गेलं ते. 'व्हॅन' हा शब्द आला फुलवाल्याच्या तोंडून की तुमच्या, कोण जाणे.


डिचोलीकर
मंगळवार, सायं. ६:०५

मास्तर, आम्हाला दहावीला असं शिकवलं असतंत तर संस्कृतात पास झालो असतो.


भटजीमास्तर
मंगळवार, सायं. ६:१२

शिकवलं होतं. तू खिडकीतून बाहेर बघत होतास. हे मात्र मी प्रत्यक्ष पाहिलंय.


काळा_कोट
मंगळवार, रात्री ८:४५

मास्तर, उद्या कोर्टात 'अव्यपदेश्य' वापरू का विचार करतेय :)

शब्दावरून आमच्या गोव्याचीच गोष्ट सांगते. साक्षीदार कोंकणीत बोलतो. "गाडी आयली आनी ताका लागली." जबानी टाइप होते इंग्रजीत. 'लागली'चं होतं 'डॅश्ड', आणि पुढे आपोआप येतं 'इन अ रॅश अँड नेग्लिजंट मॅनर' (बेदरकारपणे, निष्काळजीपणे), कारण कलम त्या शब्दांत आहे. साक्षीदार भरधाव म्हणालाच नव्हता. या जबानीवर त्याची सही घ्यायची नसते, कायद्यानेच (आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१). साताठ वर्षांनी साक्षीच्या आधी सरकारी वकील ती त्याला वाचून दाखवतात, आणि तो पिंजऱ्यात येऊन म्हणतो, "गाडी भरधाव आली." खोटं बोलतोय का? नाही. ती जबानी आता त्याची आठवण झालीय. नव्या कायद्यात जबानीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करता येतं (कलम १८०), पण 'येतं' म्हणजे करायलाच हवं असं नाही.

ओळख परेड. आरोपी अनोळखी असेल तर पोलिसांनी नव्हे, दंडाधिकाऱ्यांनी ती घ्यायची. मुंबई हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका संशयितामागे त्याच्यासारखी दिसणारी निदान सहा माणसं उभी करायची, दोन असले तर दहा-बारा. आरोपीला काळा बुरखा घालून नेताना बघता ना? ती लाज झाकायला नसते, साक्षीदाराने चेहरा आधी बघू नये म्हणून असते. पण बुरख्याच्या आधी कुणीतरी फोटो व्हॉट्सअॅपवर टाकलेला असतो आणि गावभर फिरलेला असतो. मग परेड कसली? साक्षीदार फोटोतला माणूस ओळखतो.

कानन विरुद्ध केरळ (१९७९) मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अनोळखी माणसाला थेट कोर्टातच पहिल्यांदा ओळखलं आणि आधी परेड झालीच नाही, तर त्या ओळखीला किंमत नाही. पण मलखानसिंह (२००३) मध्ये म्हटलं की खरा पुरावा कोर्टातली ओळखच, परेड फक्त आधाराला, आणि परेड नसली म्हणून साक्ष आपोआप बाद होत नाही. दोन्हींत वाट काढतच आम्ही जगतो. प्रत्यक्षात कोर्टात काय असतं? आरोपीच्या जागी एकटा माणूस उभा, दोन्ही बाजूंना पोलीस. "बघा, तो इथे आहे का?" चर्चमधल्या नवरदेवाला ओळखण्याइतकं सोपं.


शॅकवाला_मोरजी
मंगळवार, रात्री ११:५०

शॅक बंद करून आलो, आता वाचलं. किनाऱ्यावरची बाजू लिहितो.

दोन सीझनमागे एका पर्यटक बाईची पर्स गेली. तिने माझ्या नेपाळी वेटरकडे बोट दाखवलं. दहा मिनिटांनी दुसऱ्याकडे. दोघांच्या उंचीत वीतभर फरक. शर्ट मात्र एकाच रंगाचे, कारण शॅकचा युनिफॉर्म. पर्स कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मला राग त्या बाईचा नाही आला. राग आला स्वतःचा, कारण पोलिसांशी बोलताना मीच म्हटलं होतं, "अहो, ही पोरं सगळी सारखीच दिसतात." माझ्याच हाताखाली चार वर्षं काम करणारी पोरं. गावात चोरी झाली की पहिलं बोट भायल्याकडे, बाहेरून आलेल्याकडे, जातं ना, त्यात डोळ्यांचा भाग किती आणि मनाचा किती?


मनोमय
बुधवार, सकाळी ८:००

दोन्हीचा. आपल्या गटाबाहेरचे चेहरे ओळखताना माणूस जास्त चुकतो, यावर १९६९ पासून पुष्कळ अभ्यास झालाय. ज्यांच्यात वावरतो त्यांच्या चेहऱ्यात कुठे बघायचं हे आपण शिकलेलो असतो, बाकीच्यांचं फक्त 'नेपाळी' एवढंच नोंदवतो. तुमची पोरं तुम्हाला वेगळी दिसतात, पण तेवढ्या पुरते तुम्ही बाईच्या डोळ्यांनी बघितलं.


काळा_कोट
बुधवार, सकाळी ९:१०

किनाऱ्याची दुसरी अडचण म्हणजे साक्षीदारच उडून जातो. हणजुणला २००८ मध्ये एका ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला, सगळ्यांना आठवत असेल. सुरुवातीला बुडून मृत्यू म्हटलं गेलं, मग तपास सीबीआयकडे गेला. महत्त्वाचा एक ब्रिटिश साक्षीदार साक्ष द्यायला परत आलाच नाही. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोघांना सोडलं, २०१९ मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्यांतल्या एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षं. प्रफुल्ल देसाई प्रकरणानंतर (२००३) व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष घेता येते, पण साक्षीदार तयार तर हवा. आणि आला असता तरी इतक्या वर्षांनी त्याच्या डोक्यात काय मूळचं आणि काय टीव्हीवरचं, हे कोण वेगळं करणार?


पुणेरी_पाहुणा
बुधवार, सकाळी १०:३०

मान्य, माझी गल्लत होती. मग सामान्य माणसाने करावं काय? साक्षच देऊ नये?


खाकी_निवृत्त
बुधवार, सकाळी १०:५५

द्यावी. पण कुणाशी बोलायच्या आधी, तिथेच उभं राहून, फोनमध्ये बोलून ठेवावी. काय बघितलं, कुठून बघितलं, काय नाही बघितलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कुणी सांगत नाही.


खांडेपारी
बुधवार, रात्री ९:३०

कालपासून हा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवतोय. आत्ता जेवताना बायको म्हणाली, "पण तुम्ही तर त्या दिवशी घरी आल्यावर सांगितलं होतं की तुम्ही धडक बघितलीच नाही."

मला हे अजिबात आठवत नाही.


डिचोलीकर
बुधवार, रात्री ९:३८

वहिनींची आठवण तरी खरी कशावरून? सगळा धागा वाचल्यावर आता मी बायकोवरही विश्वास ठेवत नाही, तुमच्या आणि माझ्याही.


खांडेपारी
गुरुवार, रात्री १०:१५

डिचोलीकराचा प्रश्न रास्त होता, म्हणून शोधाशोध केली. माझा फोन बदललाय, पण त्या संध्याकाळी पोहोचायला उशीर होईल म्हणून भावाला एक व्हॉइस मेसेज टाकला होता. त्याच्या फोनात तो होता. आज त्याने परत पाठवला. वेळ ७:२४, लांबी चौदा सेकंद, आवाज माझाच:

"हांव बरो आसां, पूण मात्शे कळाव जातलो. हांगा अॅक्सिडेंट जाला. कोणें मारलें तें म्हाका दिसूंक ना. आवाज आयकलो आनी घुंवलों." (म्हणजे, कुणी उडवलं ते मला दिसलं नाही, आवाज ऐकला आणि वळलो.)

पोलिसांना जबानी दिली ती आठ-सव्वाआठला. मधल्या पाऊण तासात मी, फुलवाला आणि तो मुलगा छपराखाली उभे होतो.


खाकी_निवृत्त
गुरुवार, रात्री १०:२२

बसथांबा तिठ्याच्या कुठल्या अंगाला?


खांडेपारी
गुरुवार, रात्री १०:३१

आज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहिलो. बस येते त्या बाजूला तोंड केलं की तिठा पाठीमागे राहतो.